निरवानिरव

इंग्रजीतला ‘क्लटर’ हा शब्द मराठीत आणायची वेळ आली की अनुवादक आधी ‘पसारा’ लिहितो, मग तो खोडून ‘अडगळ’ लिहितो आणि शेवटी वाक्यच बदलून टाकतो. पसारा तात्पुरता असतो. मुलं खेळून उठली की पसारा होतो, लग्नघरात पसारा असतो, आणि आवरला की तो संपतो. ‘संसाराचा पसारा’ म्हणताना तर तक्रारीइतकंच कौतुकही असतं. अडगळ कायमची असते, पण तिला निदान एक खोली असते. अडगळीच्या खोलीत गेलेली वस्तू घरातच राहते. तिची पायरी खाली येते, नातं तुटत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’ या कादंबरीच्या ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ या उपशीर्षकात ‘समृद्ध’ आणि ‘अडगळ’ शेजारी बसू शकतात ते यामुळेच. ‘क्लटर’च्या शेजारी ‘समृद्ध’ बसणं अवघड आहे. तो शब्द ‘क्लॉट’च्या म्हणजे गुठळीच्या घराण्यातला आहे, आणि गुठळी झाली की ती काढायचीच असते.

बंगालीकडे वळलं की आणखी एक गंमत दिसते. तिथे ‘जंजाल’ म्हणजे सरळसरळ केरकचरा. आपल्याकडे आणि हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ गुंता, प्रपंचाचं लचांड. एकाच शब्दाने बंगाली माणूस कोपऱ्यातला ढीग दाखवतो आणि मराठी माणूस आपलं आयुष्य. मला जो प्रश्न विचारायचा आहे तो या दोन अर्थांच्या मधोमध आहे. घरात साठलेल्या वस्तू म्हणजे कचरा की गुंता? कचरा असेल तर प्रश्न फक्त झाडूचा आहे. गुंता असेल तर तो कोणाकोणाशी आहे हे पाहावं लागेल, आणि त्यातला कोणता धागा तोडायचा आपल्याला अधिकार आहे हेही.

वस्तू साठवत जाण्याचा एक मानसिक विकारही आहे. 2013 सालापासून अमेरिकी मानसोपचाराच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र नाव मिळालेलं आहे. त्यावर उपचार करणारी माणसं वेगळी आणि तो विषयही वेगळा. मी बोलते आहे ते चारचौघांसारख्या घरांबद्दल, जिथे माळा भरलेला असतो, कपाटाचं दार नीट लागत नाही आणि ‘एकदा सगळं काढायला हवं’ हे वाक्य दर दिवाळीला उच्चारलं जातं.

या घरांसाठी गेल्या दशकात सर्वांत गाजलेला सल्ला जपानहून आला. मारी कोंदो यांचं पुस्तक 2014 मध्ये इंग्रजीत आलं आणि वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारायचा त्यांचा प्रश्न जगभर पोचला. इंग्रजीतले ‘स्पार्क जॉय’ हे शब्द कॅथी हिरानो या अनुवादिकेचे. मूळ जपानी क्रियापद ‘तोकिमेकु’. त्याचा अर्थ काळीज धडधडणं, हुरहुरणं असा काहीसा आहे. त्यात आनंद आहे, तशी थोडी धास्तीही आहे. इंग्रजीत येताना धास्ती मागे राहिली आणि आनंद तेवढा पुढे आला. हिरानोंना दोष देण्यात अर्थ नाही. अनुवादात काहीतरी मागे ठेवावंच लागतं. पण हेच क्रियापद मराठीत आणायचं म्हटलं तर आपल्याकडे याच जागी एक वाक्प्रयोग आधीपासून बसलेला आहे. आपण म्हणतो, ‘तिचा त्या पेटीत जीव अडकलाय.’ लहानपणच्या गोष्टीत राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसा. कोंदोंच्या प्रश्नाचा रोख ‘ही वस्तू मला काय देते’ याकडे आहे. मराठी वाक्प्रयोग विचारतो की माझं काय त्या वस्तूत राहिलं आहे. पहिल्या प्रश्नाला नकारार्थी उत्तर आलं की वस्तू टाकता येते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी ती टाकणं सोपं होत नाही, कारण पोपटाची मान मुरगळली की राक्षस मरतो.

*

गेल्या वर्षी आई गेली. नंतर बडोद्याचं घर रिकामं करायचं काम दादावर आणि माझ्यावर आलं. दादा बंगळूरला असतो, मी दिल्लीत. आम्हा दोघांनाही त्या घरात परत राहायला जायचं नव्हतं, त्यामुळे वाद घराबद्दल नव्हता. वाद होता तो स्टीलच्या भांड्यांबद्दल.

ज्यांचं लग्न सत्तरच्या दशकात झालं अशा बहुतेक मराठी घरांत ही भांडी आहेत. प्रत्येकावर बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं: कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या तारखेस सप्रेम भेट दिलं. आईच्या लग्नातले, 1974 सालचे, असे चाळीसेक डबे, पातेली, वाट्या आणि ताम्हनं निघाली. त्यातली निम्मी कधी वापरलीच गेली नव्हती. त्यांच्याबरोबर एक वही निघाली. आहेराची वही. कोणी काय दिलं याची नोंद, आणि पुढे वेगवेगळ्या शायांमध्ये, त्या त्या माणसाच्या घरच्या कार्यात आपण काय दिलं याची नोंद. काही नावांपुढची जागा पन्नास वर्षांनंतरही रिकामी होती.

दादा म्हणाला, “अगं, फोटो काढून ठेव सगळ्यांचे आणि मोडीत दे. भांड्यात काय आहे एवढं?”

प्रश्न रास्त होता. भांड्यात खरंच काय आहे? पोलाद आहे, त्याचं वजन काट्यावर करता येतं आणि किलोचा भावही ठरलेला असतो. पण मला उचलवत नव्हतं ते वजन हे नव्हतं. त्याच आकाराचं, त्याच जाडीचं, नाव न घातलेलं पातेलं मी त्याच दुपारी कामवाल्या बाईंना सहज देऊन टाकलं होतं. फरक होता तो त्या ठिपक्यांच्या ओळीचा. ती ओळ म्हणजे एक दस्तऐवज होता, आणि ती वही म्हणजे खतावणी.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 साली भेटवस्तूंवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याचं सार असं की फुकट भेट कुठल्याच समाजात नसते. देणं, घेणं आणि परत देणं ही तिन्ही बंधनं असतात, आणि दिलेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा काही अंश जातो; तो परत फिरण्याची वाट पाहत असतो. त्यासाठी मॉसने माओरी लोकांपासून आपल्याकडच्या दानधर्मापर्यंत दाखले दिले. मराठी घरातल्या आहेराच्या वहीने त्याचा तोच सिद्धान्त निळ्या शाईत सिद्ध केला असता.

इथून मला घरातल्या इतर वस्तूंकडेही पाहता आलं. न शिवलेला ब्लाउजपीस हा कोणाच्या तरी आदराचं देणं आहे. न वाचलेलं पुस्तक हे आपण स्वतःलाच लिहून दिलेलं वचन आहे, की एक दिवस मी हे वाचणारी बाई होईन. माळ्यावरची हार्मोनियम हे आईवडिलांनी मुलांच्या नावे काढलेलं कर्ज आहे. मुलांनी ते फेडलं नाही. बारीक झाल्यावर घालायचा म्हणून ठेवलेला कपडा, दुरुस्त करायचं घड्याळ, उत्तर द्यायचं राहिलेलं पत्र. अडगळीचं ओझं वाटतं ते जागा अडते म्हणून फार कमी वेळा. ते वाटतं कारण त्या ढिगातली प्रत्येक वस्तू कोणाचं तरी येणं सांगत बसलेली असते. ते घर म्हणजे न फेडलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा झालेलं असतं, आणि आपण त्या गठ्ठ्यात झोपतो, उठतो, चहा पितो.

*

चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याचं काय करायचं याचा मराठीतला सर्वांत मोठा दाखला इंद्रायणीच्या काठी आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. 1630 च्या सुमारास जो भीषण दुष्काळ पडला त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी लोकांकडून लिहून घेतलेली गहाणखतं नदीत बुडवली. या कथेतला एक तपशील आपण बहुधा घाईने ओलांडतो. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा हिस्सा त्याच्या हाती दिला आणि फक्त स्वतःचा निम्मा पाण्यात सोडला.

याच नदीत पुढे दुसरं बुडवणं घडलं. अभंगांच्या वह्या बुडवायला लागल्या, आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या अशी कथा आहे. चमत्कार मानणाऱ्यांनी मानावा. न मानणारे म्हणतात की अभंग लोकांच्या मुखी होते, म्हणून बुडू शकले नाहीत. मला या दोन बुडवण्यांचा एकत्र विचार करावासा वाटतो. खतं बुडाली ती बुडालीच. ती वर यावीत असं कोणाला वाटलं नाही, कारण त्यांच्यात दुसऱ्यावरचा हक्क होता आणि तो संपल्याने दोघं सुटले, देणेकरी आणि घेणेकरीही. अभंग वर आले, कारण बुडण्याआधीच ते दिले गेले होते. जे दुसऱ्याच्या मुखी किंवा हाती पोचलं आहे, त्याची मूळ वही बुडाली तरी चालतं.

म्हणजे मृत माणसाच्या घरात उभं राहून विचारायचे प्रश्न असे होतात: यातलं गहाणखत कोणतं आणि अभंग कोणता? आणि दुसरा, तितकाच महत्त्वाचा: यातला माझा हिस्सा किती? त्याग स्वतःच्या हिश्श्याचाच करता येतो. आपल्या साधेपणाच्या उत्साहात नवऱ्याची मासिकं, सासूची बरणी किंवा मुलाचा दगडांचा डबा टाकून देणारं माणूस स्वतःच्या मनाचं ओझं दुसऱ्याच्या खिशातून उतरवत असतं.

भांड्यांचा निकाल आम्ही या कसोटीवर लावला. ज्यांची नावं होती त्यांच्यापैकी बहुतेक गेलेले. पण त्यांच्या नाती, पणत्या होत्या. आईच्या आत्याचं नाव असलेला डबा तिच्या पणतीला पुण्याला पाठवला. तिने पणजीचं नाव कुठे लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. असे नऊ डबे गेले. बाकीची भांडी मोडीत गेली. वहीबद्दल दादा आणि मी सहज एकमत झालो. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, फोटो काढायचा नाही, ती पस्तीत द्यायची. आमच्या घरात रद्दीला गुजराती वळणाने पस्तीच म्हणत. ती वही म्हणजे पन्नास वर्षं आईच्या मनावर असलेली यादी होती. तिचा फोटो काढून ठेवणं म्हणजे खत नदीत सोडताना नक्कल शिल्लक ठेवणं.

फोटो काढून वस्तू टाकण्याच्या आजच्या तोडग्याबद्दल मला हीच शंका आहे. फोनमध्ये हजारो चित्रं असतात आणि ती आपण कधी उघडत नाही. अनुवाद करताना मी मूळ मजकुरातलं काही सोडते तेव्हा मला एक दिलासा असतो: मूळ पुस्तक जागेवर आहे, दुसरा कोणी येऊन मी सोडलेलं उचलेल. वस्तूच्या फोटोत हे नातं उलटं होतं. मूळ जातं आणि कोणी न वाचलेला अनुवाद तेवढा उरतो.

*

पण इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो आईच्याच बाजूने. तिच्या फडताळात दोऱ्यांच्या गुंडाळ्यांचा एक डबा होता. मिठाईच्या खोक्यांच्या दोऱ्या, रबरबँड, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, झाकणं नसलेल्या बाटल्या आणि बाटल्या नसलेली झाकणं. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: “असू दे, कधी लागेल सांगता येत नाही.” हे देणंघेणं नव्हतं. ही वेगळीच वही होती.

आईचं लहानपण रेशनच्या रांगेत गेलं. 1972 च्या दुष्काळात ती मराठवाड्यात तरुण होती. ‘कधी लागेल’ हे तिच्यासाठी मनाचं दुबळेपण नव्हतं, अनुभवाने शिकवलेलं ज्ञान होतं. वस्तू टाकून हलकं होण्याचा सल्ला त्यालाच परवडतो ज्याला गरज पडेल तेव्हा ती वस्तू पुन्हा विकत घेता येईल. ज्याला येणार नाही त्याच्यासाठी माळ्यावरचा पसारा हाच विमा असतो.

श्रीमंताच्या त्यागाची एक जुनी गोष्ट चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांगच्या चरित्रात आहे. इ. स. 643 च्या सुमारास प्रयागला सम्राट हर्षाने खजिना, दागिने, अंगावरची वस्त्रंसुद्धा दान केली आणि बहीण राज्यश्री हिच्याकडून एक जुनं वस्त्र मागून नेसलं. हे चित्र आपल्याला पाठ्यपुस्तकापासून माहीत असतं. पुढचा भाग तितकासा सांगितला जात नाही. जमलेल्या मांडलिक राजांनी आपापले पैसे देऊन ते राजालंकार आणि वस्त्रं लोकांकडून सोडवून आणली आणि सम्राटाला परत केली. काही दिवसांनी त्याने ती पुन्हा दान केली. हर्षाच्या दानतीबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण ज्याच्याकडे दागिने परत येण्याची व्यवस्था आहे त्याचं सोडणं आणि ज्याच्याकडे ती नाही त्याचं सोडणं यांना एकच शब्द वापरताना थांबावंसं वाटतं. वर्षाकाठी कपाट रिकामं करणारी आणि पुढच्या सेलमध्ये ते भरणारी आपली शहरी घरं आपल्या ऐपतीपुरती प्रयागच भरवत असतात.

दोऱ्यांच्या डब्यासमोर म्हणून ‘जुनी पिढी, साठवण्याची सवय’ असं म्हणून पुढे जाणं मला अन्यायाचं वाटलं. तिची भीती खोटी नव्हती. फक्त ती भीती आम्हाला वारशाने घ्यायची आहे का, एवढा प्रश्न उरतो; आणि आज मिळणारं उत्तर उद्याही तेच राहील याची हमी कोणी दिलेली नाही.

*

दुसरा आक्षेप वस्तूच्या बाजूने. ‘टाकून दिलं’ असं आपण म्हणतो तेव्हा क्रियापद आपल्या दारापाशी संपतं. वस्तू मात्र तिथे संपत नाही. मुंबईत देवनारचं कचऱ्याचं मैदान 1927 पासून वापरात आहे, दिल्लीत गाझीपूरचा डोंगर 1984 पासून वाढतो आहे. माझं मन मोकळं झालं त्या दिवशी कोणाच्या तरी वस्तीचा डोंगर चार बोटं उंच झाला.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक संवाद आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दिली. राजाला संशय आला: संन्याशाला इतकी वस्त्रं कशाला? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली आहेत त्या भिक्षूंना देऊ. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांचं? गादीच्या खोळी. त्या जुन्या झाल्या की जमिनीवर अंथरायला, मग पाय पुसायला, मग धूळ झटकायला. आणि शेवटी त्या चिंध्या कुटून चिखलात मळून त्याने भुई लिंपू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. पाय पुसण्याच्या फडक्याला तिथे ‘पादपुंछनी’ असा पाली शब्द आहे. आपलं पायपुसणं त्याच घरातलं.

ही उतरंड आपल्या आज्यांना चुल्लवग्ग न वाचता ठाऊक होती. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की दुपटी, मग हातपुसणं, मग फरशीचं पोतेरं. काही लुगडी बोहारणीकडे जात आणि त्यांचं पातेलं होऊन परत येत. त्यासाठी दारात अर्धा तास घासाघीस चाले. त्या घासाघिशीत एक नैतिक गोष्ट होती जी आजच्या दानाच्या पिशवीत नसते. घेणारी बाई समोर बसलेली असे, कापड उजेडात धरून पाही आणि ‘हे चालणार नाही’ म्हणे. देणाऱ्याला ते ऐकून घ्यावं लागे.

जिथे घेणारा समोर नसतो तिथे काय होतं हे 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसलं. देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तिथे पडून राहिले. पुढे ‘गूंज’सारख्या संस्थेने ते उचलून, निवडून, कामात आणले. आपत्तीच्या निमित्ताने आपण आपली कपाटं रिकामी केली होती आणि त्याला मदत असं नाव दिलं होतं.

आणखी दूरचं उदाहरण. पश्चिमेकडून घानात येणाऱ्या जुन्या कपड्यांना तिथल्या अकान भाषेत ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात: गोरा माणूस मेला. इतके चांगले कपडे कोणी जिवंतपणी देईल हे लोकांना पटेना, तेव्हा देणारा वारला असणार असं त्यांनी धरलं. आपल्याकडे पानिपतला असेच कपडे गठ्ठ्यांनी येतात. बायका त्यांची बटणं आणि चेन कापतात, लोकरीचं पुन्हा सूत होतं, त्याच्या घोंगड्या होतात. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ या 2012 सालच्या माहितीपटात या बायका तर्क करतात की तिकडे पाणी महाग असावं, म्हणून ते लोक कपडे धुण्याऐवजी देऊन टाकतात. घानात मृत्यू, पानिपतात पाणीटंचाई. दोन्हीकडे घेणाऱ्यांनी देणाऱ्यांसाठी एक संकट कल्पिलं आहे. काही न होता, नुसतं मन भरलं म्हणून माणूस वस्तू टाकतो, हे त्यांच्या सुचण्यातच नाही. आपल्याबद्दल इतका उदार गैरसमज कोणी करून घ्यावा, ही मला वस्तूंच्या साऱ्या व्यवहारातली सर्वांत शरमेची गोष्ट वाटते.

*

स्वीडिश भाषेत ‘दोस्टेडनिंग’ असा शब्द आहे: मरण आणि साफसफाई या दोन शब्दांचा जोड. मार्गारेटा मॅग्नुसन यांच्या 2017 सालच्या पुस्तकामुळे तो जगभर गेला. आपण गेल्यावर मुलांना निस्तरावं लागू नये म्हणून आपलं आपण आवरून ठेवायचं. हा शब्द मराठीत आणताना अडचण पडत नाही, कारण तो आपल्याकडे आहे: निरवानिरव. आणि आपला शब्द मला अधिक नेमका वाटतो. जुन्या मराठीत ‘निरवणे’ म्हणजे सोपवणे, हवाली करणे. स्वीडिश शब्दात झाडू आहे, मराठी शब्दात दुसरा माणूस आहे. वस्तू कोणाच्या तरी हाती जाते, आणि देणारा त्या माणसाचं नाव घेऊन देतो.

आईने निरवानिरव केली नव्हती. तिला वेळ मिळाला नाही. तिच्या कपाटात आंतरदेशीय पत्रांचा एक गठ्ठा होता, वीसेक वर्षांचा, एकाच मैत्रिणीचा. ती मावशी आता ऐंशीच्या घरात आहे, नागपूरला असते. पत्रं आईला लिहिलेली होती, म्हणजे कायद्याने आमची. पण लिहिलेल्या मजकुरात लिहिणारीचाही हिस्सा असतोच. कान्होबाचा निम्मा वाटा इथे होता. काफ्काने जाळायला सांगितलेली हस्तलिखितं माक्स ब्रोदने जाळली नाहीत आणि जगाने त्याबद्दल त्याचे आभार मानले. त्या उदाहरणाने आपण थोडे सोकावलो आहोत. प्रत्येक गठ्ठ्यात काफ्का नसतो, आणि असला तरी प्रत्येक वारसाला ब्रोद होण्याचा परवाना मिळत नाही.

मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, “पाठव. माझं मी बघते.” मग जरा थांबून, “वाचलीस का गं?”

“नाही, मावशी.”

“वाचली असतीस तरी चाललं असतं,” त्या म्हणाल्या. आणखी थोडं थांबल्या. “पण नाही वाचलीस ते बरं झालं.”

पत्रं स्पीड पोस्टाने गेली. आईच्या आयुष्याचा एक मोठा तुकडा आता मला कधीच कळणार नाही. हे नुकसान आहे आणि मी त्याला दुसरं गोड नाव देणार नाही. सोडण्याबद्दलच्या सल्ल्यांमध्ये मला हेच खटकतं की ते नेहमी मोकळेपणाचं आश्वासन देतात. पुष्कळदा योग्य रीतीने सोडल्यावर मोकळं वाटत नाही, फक्त रिकामं वाटतं. तरीही ते योग्य असू शकतं.

वस्तूत अडकलेला जीव काढायचा कसा, याचं उत्तर आपल्या एका रोजच्या ओळखीच्या विधीत आहे. गणपती पाण्यात सोडण्याआधी उत्तरपूजा होते. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत आणलेलं देवत्व तिच्यातून परत निरोपाने पाठवलं जातं आणि मूर्ती जागची किंचित हलवली जाते. त्या हलवण्यानंतर ती माती असते. आदल्या क्षणी तिला पाण्यात टाकणं हा अपराध ठरला असता, पुढच्या क्षणी तोच विधी आहे. म्हणजे आपल्या संस्कृतीला हे ठाऊक होतं की वस्तूत जीव घालता येतो तसा तो आदराने काढूनही घेता येतो, आणि दोन्हीला वेळ द्यावा लागतो. जपानमध्ये मोडलेल्या सुया वर्षातून एक दिवस देवळात नेऊन मऊ तोफूत टोचतात. जन्मभर कडक कापडातून गेलेल्या सुयांना शेवटी मऊ जागा. आपल्या शहरांत वडापिंपळाच्या पारावर तसबिरीतले देव ठेवलेले दिसतात. काच फुटलेली, रंग उडालेला, पण केराच्या डब्यात टाकवत नाही. ठेवणाऱ्याकडे उत्तरपूजेचे शब्द उरलेले नाहीत, संकोच तेवढा उरला आहे. त्या संकोचाला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही.

मग वस्तूंचं आपण काय देणं लागतो? मला वाटतं, त्या कायम ठेवण्याचं नाही. इतकं मात्र लागतो: तिच्यात कोणाचा हक्क गुंतला आहे ते पाहावं, तो हक्क आपला असेल तर सोडावा, दुसऱ्याचा असेल तर त्याच्या हाती द्यावा, जी वस्तू अजून कामाची आहे तिला पुढचा हात शोधावा, आणि तो हात नको म्हणाला तर ऐकावं. आणि जे आपल्या पश्चात कोणाला तरी आवरावं लागणार आहे, त्यातली आपली खतं आपणच आधी बुडवावीत. मुलांनी हार्मोनियम शिकायला हवी होती, पुस्तकं वाचायला हवी होती, घर ठेवायला हवं होतं, ही आपली त्यांच्यावरची येणी आहेत. वस्तू मागे राहिल्या तर मुलं त्या एका आठवड्यात आवरतात. येणी मागे राहिली तर त्यांना तो गठ्ठा जन्मभर पुरतो.

चाळिशी ओलांडल्यावर हे काम सुरू करायला हरकत नाही. माझ्याकडे अनुवादाचे कच्चे खर्डे आहेत, अर्धवट सोडलेली दोन पुस्तकं आहेत, पाच भाषांतले शब्दकोश आहेत. मोल्सवर्थ कोणाला द्यायचा ते मी ठरवलं आहे आणि तिला तसं सांगितलंही आहे. बाकीचं एकेक करून ठरवते आहे.